जिन्यातल्या संडासाची किल्ली

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

फोनवर बाबांचा विषय काढलास तर फोन ठेवून देईन असं तू म्हणालीस, आणि खरोखर ठेवलास. पत्राचं बरं असतं. फाडायचं झालं तरी आधी उघडावं लागतं, आणि उघडलं की चार ओळी नजरेखालून जातातच. म्हणून पत्र. यात थोडी लबाडी आहे हे मला कळतं. ती तुलाही कळलेली बरी.

तुम्ही तिघं मेमध्ये समुद्रापलीकडे निघालात, तिकडच्या बेकरीत तुझ्या भट्टीवाल्यांची भागीदारी ठरली, हे ऐकून मला आनंदच झाला. 'परत कधी ते माहीत नाही' हे वाक्य तेवढं तू पावाचा भाव सांगावा तसं बोललीस. ते माझ्या डोक्यातून जात नाही. छकुली चार वर्षांची झाली आणि तिच्या आजोबांनी तिला फक्त फोटोत पाहिलंय. मला एकच हवंय. निघण्याआधी बाबांनी एकदा तुझ्या घरी यावं, आणि तू त्यांना दार उघडावंस. बाकी तुम्हा दोघांचं तुम्ही बघा.

बातमी मी त्यांना त्याच दिवशी सांगितली. ते सदऱ्याला इस्त्री करत होते. इस्त्री उभी केली, आणि मूठ वर धरली. ती मूठ तुला आठवत असेल. सगळी नोकरी गोदीतल्या क्रेनच्या केबिनमध्ये काढलेला माणूस. खालच्याने मूठ वर केली की भार आहे तिथेच थांबवायचा. आपण जेवताना भांडायला लागलो की ताटावरून तीच मूठ वर यायची, आणि आपला भार हवेत लटकायचा. परवाही तसंच झालं. "थांब," एवढाच त्याचा अर्थ. 'नाही' असा नव्हे. मी तसा लावून घेतलाय.

बाकी सगळं ठीक. तुझी वहिनी दातांच्या दवाखान्यातून आली की अजूनही आधी पाय बादलीत सोडून बसते. मी परवा प्रयोगशाळेत गेलो नाही. पोट बिघडलं होतं, काहीतरी बाधलं असावं.

तुझा
दादा


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. 'त्यांना यायचं असतं तर सहा वर्षांत आले असते. त्यांना पाव भाजणारा जावई नको होता. तुझं पोट कसं आहे?' तीन वाक्यं. पहिल्या दोन वाक्यांना माझ्याजवळ उत्तर आहे, पण ते मला देता येत नाही. तिसऱ्याचं देतो, कारण मागच्या पत्रात मी त्याबाबत खोटं लिहिलं. काहीतरी बाधलं 'असावं' म्हणालो. काय बाधलं ते मला नेमकं ठाऊक होतं.

बाबा रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात. समोर स्टुलावर तो खाकी थर्मास, केबिनमध्ये न्यायचे तोच. त्यातून कपभर काहीतरी ओतून घेतात आणि रस्त्याकडे बघत पितात. आई गेल्यापासून हा थर्मास त्यांचा ते स्वतःच भरतात, आणि स्वतःच विसळतात. त्या रविवारी मला वाटलं, आपण एका घरात राहतो पण एकत्र कधी बसत नाही. हा विचार मनात आला तेव्हा मी स्वतःवर जरा खूश झालो होतो, तेही लिहून ठेवतो. कप घेऊन बाहेर गेलो आणि म्हणालो, "मलाही द्या की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात थोडासा वर आला, मूठ होता होता राहिली, आणि खाली गेला. मग त्यांनी ओतलं.

कडू होतं. बडीशेप घातली होती, पण मागून गवतासारखी तुरट चव यायची. आपण बापाबरोबर चहा पितोय या आनंदात मी म्हणालो, "छान आहे."

"बरं," बाबा म्हणाले.

मी पुन्हा कप पुढे केला.

"पुरे आता."

"द्या हो. काय कंजूषपणा करताय?"

त्यांनी पुन्हा ओतलं. चेहरा असा, की जणू मी स्वतःच्या हाताने खड्डा खणतोय आणि ते फावडं पुरवतायत. थोड्या वेळाने विचारलं, "उद्या कामावर जायचंय ना तुला?"

"हो. का?"

"काही नाही."

सकाळी काय झालं ते मी तुला सविस्तर लिहीत नाही. पोटात पीळ पडून जाग आली आणि मी धावलो. बाहेर आलो, चप्पल घातली, परत धावलो. तिसऱ्या खेपेला आत असताना दारावर टकटक झाली. रोज ती वेळ बाबांची असते, आणि घरात संडास एकच.

"जरा थांबा, बाबा. माझं पोट बिघडलंय."

बाहेर पावलं दारापाशी सरकली. मग दाराला तोंड लावल्यासारखा आवाज आला. "अरे... तो चहा नव्हता."

"मग काय होतं?"

"पाला."

"कसला पाला?"

"सोनामुखीचा. पोट साफ व्हायला घेतात तो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू छान आहे म्हणालास."

धाकटे, मी आत बसून हसलो. पोट दुखत होतं तरी हसलो. बाहेर बाबांनाही हसू फुटल्याचं मला ऐकू आलं, आणि तो आवाज मी ओळखलाच नाही, इतका जुना झाला होता. जुलाब होतील हे ठाऊक असूनही स्वतःच्या मुलाला दोन कप पाजणारा, पण त्याचं नाव न घेणारा माणूस दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. आणि चव आवडली नाही हे न सांगणारा मुलगाही.

तुझी वहिनी तेव्हा कामावर निघाली होती. दार ओढून घेताना म्हणाली, "लोकांची तोंडं उघडायचा मला पगार मिळतो. या घरात फुकट उघडायची म्हटली तरी कुणी आ करत नाही."

मग आमची अदलाबदल झाली. बाबा आत, मी बाहेर जमिनीवर भिंतीला टेकून, लांब जायची हिंमत नव्हती म्हणून. आणि बंद दाराआडून, मी दिसत नसताना, ते बोलायला लागले. तुझ्या लग्नाबद्दल बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "हे तुझ्यापाशी ठेव."

म्हणून इथे थांबतो. ते सगळं त्यांचं आहे. मी त्यांना विचारीन.

दादा


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आधी डॉक्टरीणबाईंचं सांगतो, कारण त्यांच्यामुळेच परवानगी मिळाली.

बाबांना तयार करायला मला बरेच दिवस लागले. "या वयात लोकांना सांगत फिरू?" "लोकांना नाही, डॉक्टरांना." "तेही लोकच." शेवटी तुझी वहिनी म्हणाली, "बाबा, मी रोज माणसांच्या किडक्या दाढा बघते. तुमचं तर काहीच नाही." यात काय पटण्यासारखं होतं कोण जाणे, पण पटलं.

बाईंनी आधी धोक्याचे प्रश्न विचारले. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, उलट्या, पोटात कळा, सवयीत नुकता काही बदल? सगळ्याला नाही. पोट तपासलं, रक्त तपासायला दिलं. मग विचारलं, "आजोबा, पाला किती घालता?"

बाबांनी मूठ दाखवली. बाईंना ते माप वाटलं. मला शंका आहे की ती 'थांबा'ची मूठ होती.

"रोज?"

"रोज."

"किती वर्षं?"

बाबा छताकडे बघायला लागले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सोनामुखी चांगली आहे, मीही देते. ती आतड्याला ढोसते आणि कामाला लावते. पण पान कोवळं की जून, मूठ केवढी, किती वेळ भिजलं, यावर सगळं अवलंबून. "तुम्ही रोज वेगळंच औषध घेता आणि त्याला एकच नाव देता. आणि रोज ढोसायची सवय लावली तर ढोसल्याशिवाय हलायचं नाही असं शरीर ठरवून टाकतं." मी पाणी तपासणारा माणूस. टाकीत अंदाजाने औषध ओतणाऱ्यांशी भांडण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली, आणि माझ्याच गॅलरीत बाप मुठीने ओतत होता.

तर पाला बंद. त्याच सोनामुखीची मापातली गोळी, झोपताना एक, सकाळी काम होतं. काही आठवड्यांत कमी करत न्यायची. पाणी भरपूर, भाज्या, सुके अंजीर, चालणं. न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी बसायचं, पायाखाली छोटं स्टूल घेऊन, कुंथायचं नाही. पोटात फार पीळ पडला किंवा जुलाब झाले तर गोळी थांबवून फोन करायचा. बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "पाणी कमी पिता ना? कधीपासून?"

बाबा म्हणाले, "क्रेनवर चढल्यापासून."

घरी येताना बसमध्ये त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिला लिही. मला जमायचं नाही. पण तो शब्द लिहू नकोस. पोट म्हण."

म्हणून पोट म्हणतो. दाराआडून ते जे बोलले ते असं.

केबिन इतकी उंच, की खालची माणसं टोप्यांवरून ओळखायची. वर सोय नाही. उतरायचं तर शिडी, आणि तोवर खाली सगळ्यांचं काम खोळंबणार. नवीन असताना एकदा त्यांना उतरावं लागलं. "खाली पोचलो तर सगळ्या गोदीने टाळ्या वाजवल्या. परत चढताना पुन्हा वाजवल्या." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते एकदाही उतरले नाहीत. पाणी प्यायचं नाही, घरी येईपर्यंत आवरून धरायचं. शरीर शिकलं ते शिकलंच. घराबाहेर कुठेही, कितीही दिवस गेले तरी, नाही म्हणजे नाही. पाला आई करायची. तिला बरोबर माप ठाऊक होतं.

आता आठव. लग्न ठरल्याचं तू सांगितलंस आणि म्हणालीस, ते बेकरीवाले आहेत. बाबांनी विचारलं, "म्हणजे घरात पहाटेपासून वर्दळ असणार?" तू उठून गेलीस. आम्हा सगळ्यांना वाटलं की त्यांनी नाक मुरडलं. मलाही वाटलं. त्याआधी तू मोठ्या कौतुकाने तुझ्या होणाऱ्या घराचं वर्णन केलं होतंस, वर दोन खोल्या, खाली भट्टी, आणि संडास जिन्यात, घरच्यांना आणि कामगारांना मिळून एकच. ते वर्दळीचा हिशेब करत होते, धाकटे. लग्न तिथेच, मुक्काम चार दिवसांचा. पाला घेतला तर नेमकी वेळ सांगता येत नाही. दाराबाहेर पीठ लागलेली माणसं रांगेत उभी, आणि आत नवरीचा बाप. नाही घेतला तर चार दिवस फुगलेलं पोट घेऊन पाहुण्यांत हसायचं. बॅग भरली होती त्यांनी. आईने बूट पुसून ठेवले होते. शेवटी आई एकटी आली आणि 'त्यांची तब्येत बरी नाही' म्हणाली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण कुणाचा विश्वास बसणार?

"ती मला विचारील, बाबा का नाही आलात," दाराआडून ते म्हणाले, "तर मी काय सांगू? झाकली मूठ राहू दे, म्हटलं."

दादा


११ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं धाडस केलं नाही.

'सहा वर्षं मी एका रागावर उभी आहे, आणि आता तू म्हणतोस की त्याच्याखाली एवढंच होतं?' तुला हसू यावं अशी माझी अपेक्षा होती, हे मान्य करतो. मला आलं होतं. पण मला दाराबाहेर बसून आलं. तू मात्र लग्नात रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होतीस. या दोहोंत फरक आहे, आणि तो माझ्या ध्यानात यायला तुझं पत्र यावं लागलं.

तू विचारतेस, एवढ्यासाठी माणूस सहा वर्षं अडतो? छकुली झाली तेव्हासुद्धा? हा प्रश्न मलाही पडला होता. कदाचित सोयीचं कारण सापडलं म्हणून मी त्याला चिकटलो असेन, असंही वाटलं. म्हणून मी त्यांना विचारलं. ते अंजिराचे देठ खुडत होते.

"पहिल्यांदा त्याने अडलो," म्हणाले. "मग न गेल्याची लाज. ती पोटापेक्षा घट्ट. आणि मग तुझी आई गेली. मापच गेलं."

"तुम्हाला भट्टीवाले आवडत नाहीत का?"

"मी त्याला पाहिलंय कुठे? पण पहाटे उठून दुसऱ्यांसाठी खपणारा माणूस आहे. वाईट कसा असेल?" मग पुढचं अंजीर उचलून, "तिला म्हणावं, फुकट रागावली असं मी म्हणत नाही. रागावण्यासारखंच होतं ते."

हे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यांत भर घालायचा मोह झाला होता, तो आवरला.

एक गंमतही सांगतो. ऐकवत नसेल तर ही पुढची ओळ सोडून दे. बाबा सराव करतायत. परक्या संडासांचा. त्यांनीच काढलेली शक्कल. गोळी आता एक दिवसाआड आहे. न्याहारी करतात, आणि माझ्याबरोबर बसने प्रयोगशाळेत येतात. तिथला संडास स्वच्छ आहे, पाण्याची माणसं आम्ही. पहिल्या दिवशी आत गेले आणि लगेच बाहेर आले. "शेजारी कुणीतरी खोकलं." दुसऱ्या खेपेला बराच वेळ बसले आणि तसेच परतले. तुझ्या वहिनीने तिच्या दवाखान्यातला सुचवला. तिथे आधीच सगळे घाबरलेले असतात, कुणी कुणाकडे बघत नाही. परवा ते तिथे गेले. वहिनी खुर्चीवरच्या बाईच्या तोंडात आरसा धरून उभी होती. आतल्या दारावर एकच टकटक झाली.

ती टकटक तुला ठाऊक आहे. भार खाली टेकला की केबिनमधून एकदा घंटा द्यायची. घरी घंटा नव्हती, म्हणून कुठलंही काम उरकलं की टेबलावर बोटाचं पेर एकदा. आपल्या अभ्यासाच्या वेळी किती वैताग यायचा त्याचा. वहिनी म्हणाली, "मी इतकी दचकले, की त्या बाईला वाटलं तिच्या दाढेत काहीतरी भयंकर दिसलं."

तू ये म्हणेपर्यंत मी त्यांना तिकीट काढू देणार नाही. तेही काढणार नाहीत. त्यांनी विचारायला सांगितलं नाहीये. मी विचारतोय.

दादा


२४ मार्च

प्रिय धाकटे,

आज पाकीट आलं. जड होतं, आणि हलवलं की आत काहीतरी सरकायचं. वरती नाव बाबांचं. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून मी उघडलं नाही. ते फिरून येईपर्यंत टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिलो. वहिनी म्हणाली, "अंड्यावर बसल्यासारखा काय बसलायस?"

बाबांनी सुरीने कड कापली. लाल लोकर बांधलेली किल्ली खाली पडली. चिठ्ठी त्यांनी चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे सरकवली. आता ती त्यांच्या खिशात आहे, म्हणून आठवणीतून लिहितो, काही चुकलं तर सांग.

'बाबा, ही जिन्यातल्या संडासाची किल्ली. दुसरी नाही. लोकर छकुलीने बांधली, ती म्हणते हरवायची नाही. तुम्ही असाल तोवर किल्ली तुमच्याकडे. भट्टीवाल्यांनी कामगारांची सोय समोरच्या शिंप्याकडे केलीय. आम्हीही तिथेच जाऊ. कुणी काही विचारणार नाही, कुणी टाळ्या वाजवणार नाही. मी अजून रागावलेली आहे. ते तुम्ही आल्यावर बघू.'

बाबांनी किल्ली बराच वेळ हातात धरली. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी विचारलं, "आणि ती पाठवली तर आत्ता ते लोक कुठे जातायत?"

मी म्हटलं, "शिंप्याकडे."

"आजपासून?"

"तसंच दिसतंय."

"म्हणजे मी जितका उशीर करीन तितकी..." उठले, आणि माळ्यावरून बॅग काढायला खुर्ची ओढली.

धाकटे, तू हुशार आहेस. सहा वर्षं कुणाला हलवता आलं नाही ते तू एका किल्लीने हलवलंस, आणि तेही ढोसल्याशिवाय.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तपासण्या ठीक आल्या. गोळी आता फक्त गरज पडली तर, तीही परगावी पहिल्या दिवसांत घ्यायला हरकत नाही म्हणाल्या. पाला मी फेकून देणार होतो. बाबांनी विचारलं, "सगळा?" मग स्वतःच डबा माझ्या हातात दिला.

दादा


६ एप्रिल

प्रिय धाकटे,

हे पत्र त्यांच्या बॅगेतून येतंय, म्हणजे ते तुझ्या हातात देतील तेव्हा स्वतः समोर उभे असतील. आधी त्यांना बसव, मग वाच.

मी बरोबर येतो म्हणालो तर मूठ वर झाली. एकटेच निघालेत. किल्ली आत्तापासूनच सदऱ्याच्या आतल्या खिशात, लोकर बाहेर दिसेल अशी. मी ती आत खोचली, त्यांनी पुन्हा बाहेर काढली.

थोड्या सूचना, तू रागावणार नाहीस असं धरून. सकाळी उठल्यावर पाणी दे, पण हातात दे, विचारू नकोस. न्याहारीनंतर त्यांना कशातही गुंतवू नकोस. पायाखाली ठेवायला काहीतरी लागतं, यीस्टचा रिकामा डबा चालेल. थर्मासात साधा चहा आहे. मी स्वतः पिऊन पाहिला. तरी पहिला कप तू त्यांना घेऊ दे.

पहिल्या दिवशी काही झालं नाही तर काळजी नको. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी ते गप्प होतील आणि घरी जायचं म्हणतील. तेव्हा त्यांना भट्टीपाशी ने. जड पिंप कुठे ठेवायचं, पोती कशी रचायची, हे त्यांना विचार. भार कुठे टेकवायचा हे या माणसाइतकं कुणाला कळत नाही, आणि एकदा डोकं त्यात गेलं की बाकीचं शरीर आपोआप वळणावर येतं. हे डॉक्टरांचं मत नाही, माझं आहे.

आणि तुझा राग. तो तू त्यांना दाखव. ते झेलतील. तू निघण्याआधी तेवढं तरी होऊ दे, फक्त न्याहारीनंतर नको.

दादा


१० एप्रिल

प्रिय धाकटे,

हे पत्र पोचेल तेव्हा तुला सगळं आधीच ठाऊक असेल. तरी लिहितो. इथे काय झालं ते तुला कोण सांगणार?

पहिले दोन दिवस तुझा फोन आला नाही. मी केला नाही. म्हणजे दोनदा हातात घेतला आणि ठेवला. काल वहिनी म्हणाली, "अरे, तू तर स्वतःच अडकून बसलायस."

आज सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला, तुझ्या घरचा. गालावर साबण तसाच ठेवून मी घेतला.

"हॅलो?"

मागे भट्टीचं दार आपटल्याचा आवाज, कुणीतरी पावाचे पत्रे सरकवत होतं.

"बाबा?"

मग फोनवर बोटाचं पेर एकदा वाजलं. टक.

मी काही म्हणणार एवढ्यात, त्यांच्या कानाजवळून छकुलीचा आवाज आला, अगदी स्पष्ट: "आजोबा, झालं ना? आता किल्ली द्या ना, मला लागलीय!" आणि त्याच्यामागे तू हसलीस. मोठ्याने, ताटावरची मूठ खाली गेल्यावर हसायचीस तशी. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

वहिनी दारातून विचारत होती, काय म्हणाले? मी टेबलावर एकदा टकटक केली. तिला कळलं.

गोळी घेतली होती की नाही, हे मला विचारावंसं वाटतंय. विचारणार नाही. किल्ली छकुलीला दिली का, तेवढं मात्र कळव.

तुझा
दादा